अक्षता पडल्या की चित्र फुटतं

घरातल्या सगळ्या डीव्हीडी हळूहळू माझ्याकडे येऊन पडल्या, कारण डिस्क वाचणारा ड्राइव्ह नात्यात आता फक्त माझ्याकडे उरलाय. मावशीचं सांगलीतलं लग्न (मुळात व्हीएचएस कॅसेट, नंतर दुकानातून डीव्हीडीवर चढवलेली), चुलतभावांची लग्नं, एक मुंज, सोसायटीच्या गणपतीतले कार्यक्रम आणि हौशी मंडळींनी बसवलेल्या एका नाटकाचं चित्रीकरण. हे सगळं आकाराने लहान करून एका पेनड्राइव्हवर बसवायचं आणि ज्याच्या त्याच्या टीव्हीवर चालेल असं करून द्यायचं, एवढंच काम. विकतचे सिनेमे मी यात धरले नाहीत. त्यांच्यावर कॉपी करू न देणारं कुलूप असतं, २०१२ च्या दुरुस्तीपासून अशा कुलपांसाठी कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आहे, आणि त्या भानगडीत पडायची मला गरज नव्हती.

हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्यायचं, डिस्क दाखवायची, बटण दाबायचं. फाइल तयार होते, चालतेही. पण ती चांगली झाली की नाही हे ठरवायचं कशावरून? मूळ चार जीबीची, नवी एक जीबीची. मग मधलं तीन जीबी गेलं कुठे, आणि जे गेलं ते कोणाला दिसणार आहे?

याचं उत्तर शोधायला आधी मूळ डिस्कचाच हिशेब मांडला. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-२ पद्धतीने आधीच दाबलेलं, म्हणजे आकाराने लहान केलेलं, असतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या २५ फ्रेम सेकंदाला. हे न दाबता ठेवायचं म्हटलं तर ४.७ जीबीची डिस्क पाच मिनिटांत भरेल. (संगणक १०२४ च्या पटीत मोजतो म्हणून तीच डिस्क त्याला ४.३८ जीबीची दिसते.) म्हणजे ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणतो त्यातूनच बहुतेक माहिती अगोदर टाकून दिलेली असते. आपण पिळलेलंच पुन्हा पिळणार असतो.

किती पिळलंय ते भागाकाराने कळतं. दोन तासांचा कार्यक्रम एकेरी थराच्या डिस्कवर भरला तर सेकंदाला सरासरी ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, आवाजासकट. यालाच बिटरेट म्हणतात. तीन तास कोंबले तर साडेतीन. डीव्हीडीच्या नियमांत चित्राला ९.८ पर्यंत जायची मुभा आहे, पण तेवढी चैन लग्नाच्या शूटिंगवाल्यांना कुठली परवडणार! मेहंदी, हळद, सीमांतपूजन, लग्न, जेवणावळ, वरात, सगळं एकाच डिस्कवर हवं असतं. एका डिस्कवर तर कमालच होती. तीन तासांच्या वर चित्रीकरण आणि आवाज पीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला. तोच सेकंदाला १.५ मेगाबिट खातो. चित्राच्या पदरात जेमतेम दोन उरले. सनई आणि भटजींच्या माइकचा खरखराट तेवढा निष्कलंक, आणि नवरानवरी चौकटी-चौकटींची. आवाज एएसी या दाबलेल्या प्रकारात सेकंदाला १६० किलोबिटवर आणला तेव्हा कानाला काही फरक जाणवला नाही, आणि एवढ्याने जेवढी जागा सुटली तेवढी चित्राला कात्री लावून सुटली नसती.

चौकटी कुठून येतात हे लग्नाच्या डीव्हीडीवर जितकं छान कळतं तितकं दुसऱ्या कशावर कळेल असं मला वाटत नाही. एमपेग-२ चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील ठोकळ आकड्यांत बसवतं. आकडे जितके ठोकळ तितकी फाइल लहान. शिवाय प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. बारा-पंधरा फ्रेमांमध्ये एक पूर्ण असते, तिला आय-फ्रेम म्हणतात. बाकीच्या, म्हणजे पी आणि बी, 'मागच्यातला हा तुकडा उचल, इकडे सरकव, एवढा फरक घाल' अशा सूचनांवर चालतात. भटजी संकल्प सांगताहेत, मंडळी बसली आहेत, मागचा पडदा हलत नाही, तोवर या सूचना फार थोडक्यात लिहून होतात.

मग 'शुभमंगल सावधान' होतं आणि अक्षता पडतात.

शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा निराळी, आणि एकही दाणा मागच्या फ्रेममध्ये होता तिथे नाही. सरकवायला तुकडाच सापडत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि तेही एमपेगला सर्वांत महाग पडणारं: बारीक, तीक्ष्ण, ठिपकेदार. बिटरेटची मर्यादा मात्र तिथेच उभी. मग एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा प्रोग्रॅम, आकडे ठोकळ करत जातो, आणि त्याचा फटका दाण्यांना बसत नाही, त्यांच्या मागच्या चेहऱ्यांना बसतो. मी ते दृश्य फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी वधूच्या गालावर मुंडावळीची मोत्यांची ओळ स्वच्छ मोजता येत होती. पुढच्या सात-आठ फ्रेमांत ती ओळ आधी पुसट झाली, मग तुटली, मग गालासकट तिचा एक गुलाबी चौकोन झाला. आय-फ्रेम आली, मोती परत आले, पुन्हा गेले. अख्ख्या तीन तासांत ज्या दहा सेकंदांसाठी शूटिंग ठेवलेलं असतं, नेमकं तिथेच चित्र सर्वांत वाईट.

हा तुकडा हाती आल्यावर मला मोजपट्टी मिळाली. पुढची प्रत्येक चाचणी मी अक्षतांवर घेतली. जोडीला आणखी तीन जागा निवडल्या: होमाचा धूर, रात्रीची वरात आणि लाल शालू. बाकीचं लग्न कसंही दाबलं तरी बरंच दिसतं.

वीसेक वर्षांपूर्वी डीव्हीडी श्रिंक नावाचं सॉफ्टवेअर घरोघरी होतं, त्याची इथे आठवण येते. साडेआठ जीबीची दुहेरी थराची डिस्क साध्या कोऱ्या डिस्कवर मावत नसे, म्हणून ते वापरायचं. त्याचा वेग बघून अचंबा वाटे, आणि त्या वेगाचं कारण मला आत्ता या कामात नीट उमगलं. ते चित्र पूर्ण उलगडून पुन्हा बांधतच नसे. एमपेग-२ मध्ये लिहिलेलेच आकडे आणखी ठोकळ करून टाकायचं. थोडं आकसायचं असेल तर चालून जाई. जास्त ताणलं की एका फ्रेममधली चूक तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या फ्रेमांत साचत जाई आणि नवी आय-फ्रेम आली की झटक्यात साफ होई. त्यामुळे पात्रांच्या मागची भिंत दर अर्ध्या सेकंदाला श्वास घेतल्यासारखी हलायची. तेव्हा आम्ही टीव्हीला दोष द्यायचो. पुढच्या आवृत्त्यांत त्रुटी भरून काढायचा पर्याय आला होता, 'शार्प' आणि 'स्मूद' अशा नावांनी, पण मुळात त्याच भाषेत राहून आकडेच कमी करायचे म्हटल्यावर हात बांधलेले.

हँडब्रेकचा मार्ग वेगळा. एमपेग-२ पूर्ण उलगडायचं आणि एच.२६४ मध्ये नव्याने लिहायचं. एच.२६४ चं मानक २००३ चं. तुकडे लहान करता येतात, एकाऐवजी अनेक जुन्या फ्रेमांतून उचल करता येते, आणि मुख्य म्हणजे तुकड्यांच्या कडा मऊ करणारा फिल्टर त्याच्या आतच बसवलेला असतो. एमपेग-२ मध्ये असा फिल्टर नाही. म्हणून दोघांचं बिघडणंही वेगळं: एमपेग-२ बिघडलं की चौकटी दिसतात, एच.२६४ बिघडलं की तपशील गुपचूप पुसला जातो. हे दुसरं जास्त फसवं. चौकट कोणालाही दिसते. पुसलेलं दिसायला तिथे आधी काय होतं हे ठाऊक असावं लागतं.

दर्जा ठरवायला हँडब्रेकमध्ये आरएफ नावाचा आकडा असतो. जुन्या डिव्हएक्सच्या जमान्यात आधी आकार ठरे, सिनेमा ७०० एमबीच्या सीडीवर बसवायचाच, मग त्यात दर्जा जेवढा येईल तेवढा. इथे उलटं: दर्जा ठरवा, आकार जो येईल तो. आकडा लहान तर दर्जा जास्त. साधारण सहाने वाढवला की फाइल निम्मी होते. डीव्हीडीच्या चित्राला १८ ते २२ सुचवलेलं असतं, मोठ्या एचडी चित्राला याहून जास्त आकडा चालतो. कारण सोपं आहे, ७२० ठिपके मोठ्या टीव्हीवर ताणले की प्रत्येक डाग ताणला जातो.

मी अक्षता-धूर-वरात-शालू यांचा एक तुकडा १८, २२ आणि २७ वर काढला, फाइलींना अ, ब, क नावं दिली आणि रविवारी जमलेल्या मंडळींना टीव्हीवर दाखवला. कोणती कुठली ते सांगितलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, "सगळ्या सारख्याच तर आहेत." काकांनी 'क' उत्तम ठरवली, कारण ती 'स्वच्छ' होती. ती २७ वाली. मूळ डिस्कवरचा सगळा गजबजाट पुसला गेल्यामुळे ती खरोखरच स्वच्छ दिसत होती. वहिनी मात्र पुढे येऊन बसल्या. लग्न त्यांचंच.

"भावोजी, ह्यात माझा शालू असा सपाट का दिसतोय? त्याच्यावर अंगभर कोयऱ्या होत्या. लालावर लाल."

'अ' पुन्हा लावली. कोयऱ्या होत्या. 'ब' मध्ये वहिनी स्थिर उभ्या असताना होत्या, वळल्या की नाहीशा. 'क' मध्ये नव्हत्याच.

लाल रंगाचं असं का होतं याला कारण आहे. व्हिडिओत उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतात. उजेड सगळ्या ठिपक्यांचा, रंग मात्र चार ठिपक्यांत एक. म्हणजे डीव्हीडीवर रंगाचं चित्र फक्त ३६० बाय २८८ चं. डोळ्याला रंगाची बारीक नक्षी कमी कळते, या भरवशावर ही काटछाट केलेली आहे आणि एरवी ती खपूनही जाते. पण उजेडाच्या हिशेबात शुद्ध लालाचा वाटा सुमारे ३० टक्केच धरतात. लालावर लाल कोयरीचा उजेडातला फरक अगदी किरकोळ, रंगातला फरक आधीच चतकोर केलेला. एन्कोडरला ती कोयरी कचऱ्यासारखी वाटते आणि तो झाडून टाकतो. हिरव्या चुड्याची मात्र अशी तक्रार कोणी केली नाही, हिरव्याचा वाटा जवळजवळ दुप्पट असतो.

त्या दिवसापासून लग्नांसाठी १८ कायम केलं. फाइल मूळच्या निम्म्याच्या आसपास आली, चौथा हिस्सा नाही. चालेल.

वरातीने वेगळाच घोळ घातला. त्या काळचे कॅमेरे इंटरलेस पद्धतीने टिपत. एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. बँडसमोर नाचणाऱ्याचा हात त्या अंतरात सरकलेला असतो, म्हणून संगणकावर हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. हे तसंच दाबलं तर एन्कोडरचे बिट ते दाते जपण्यात जातात. नेहमीचा उपाय डीइंटरलेसचा, म्हणजे अर्ध्या चित्रांच्या पूर्ण फ्रेम बनवायचा, पण साध्या पद्धतीत ५० अर्ध्या चित्रांच्या २५ फ्रेम होतात आणि नाच अडखळतो. 'बॉब' निवडलं की प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम बनते, सेकंदाला ५० मिळतात, आणि नाच जसा टीव्हीवर पूर्वी दिसायचा तसा सळसळीत दिसतो. फाइल वाढते, दुप्पट नाही. फक्त तयार सेटिंगमध्ये फ्रेमरेटला ३० ची मर्यादा असेल तर ती काढायला हवी, नाहीतर ५० बनवून त्यातल्या २० फेकल्या जातात आणि आधीपेक्षा वाईट धक्के बसतात.

मुंजीच्या डिस्कवर बटू चालताना एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरत होता. तिथे अर्ध्या चित्रांचा क्रमच उलटा नोंदवला गेला होता. मिनी-डीव्ही कॅमेऱ्यात खालचं अर्धं आधी येतं, डीव्हीडी बनवताना कोणीतरी वरचं आधी म्हणून शिक्का मारलेला. फिल्टरला क्रम हाताने सांगितला आणि बटू सरळ चालू लागला.

आता मावशीचं लग्न. ते १८ वर टाकलं तर नवी फाइल जवळपास मूळ डीव्हीडीएवढीच. कारण व्हीएचएसच्या मुंग्या. प्रत्येक फ्रेममध्ये नव्या, कुठल्याच मागच्या फ्रेमशी न जुळणाऱ्या, म्हणजे तीन तास अखंड अक्षताच! एन्कोडर इमानेइतबारे एकेक मुंगी जपत बसला. आधी खालच्या काही ओळी कापल्या, तिथे कॅसेटच्या हेडची वाकडीतिकडी पट्टी असते आणि तीही बिट खाते. मग मुंग्या कमी करणारा फिल्टर लावला. मध्यम जोरावर लावला तर फाइल झपकन उतरली आणि आजीचा चेहरा मेणाचा झाला, सुरकुतीसुद्धा उरली नाही. सुरकुती आणि मुंगी यांतला फरक फिल्टरला कळत नाही. शेवटी सर्वांत हलका जोर ठेवला, आरएफ २० केलं आणि थोड्या मुंग्या राहू दिल्या. थोडी मुंगी असली की चित्र उलट जास्त जिवंत वाटतं, हे माझं मत. काकांचं अजूनही 'क' च.

डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा म्हणून एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने दर्जाची मोजमापंही करून पाहिली. पीएसएनआर हे जुनं, ठिपक्या-ठिपक्याची वजाबाकी करणारं. एसएसआयएम २००४ चं, आकृतीचा आकृतिबंध टिकला का ते बघणारं. व्हीएमएएफ नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुलं केलेलं, माणसांनी दिलेल्या गुणांवर शिकवलेलं. एकाच स्रोताच्या १८, २२, २७ ची उतरंड तिघांनीही बरोबर लावली. पण मुंग्या कमी केलेल्या फाइलीला पीएसएनआरने कमी गुण दिले, कारण त्याच्या लेखी मूळ म्हणजे मुंग्यांसकट मूळ. बॉब केलेल्या ५० फ्रेमांची इंटरलेस मुळाशी तुलना करायची तर मूळही त्याच फिल्टरमधून काढावं लागतं, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. आणि तासाभराच्या सरासरीत दहा सेकंदांच्या अक्षता बुडून जातात. मी सरासरी सोडून फ्रेमवार आकडे काढले आणि सर्वांत खालच्या फ्रेम बघितल्या. त्या अपेक्षेप्रमाणे बोहल्यावरच सापडल्या.

बाकी थोडक्यात. डिस्क थेट ड्राइव्हवरून एन्कोड करण्यापेक्षा आधी अख्ख्या डिस्कची एकच फाइल (आयएसओ) करून हार्डडिस्कवर घ्यावी. ओरखडा असलेल्या जागी ड्राइव्ह अडकला तर निदान पुन्हा पुन्हा वाचून पाहता येतं. डिस्क पुसायची ती मधून कडेकडे, गोल गोल नाही. एन्कोडरचा वेग 'स्लो' ठेवला, रात्री लावून झोपायचं. एच.२६४ च्या पुढच्या एच.२६५ पद्धतीने आकार आणखी उतरला असता, पण मावशीचा टीव्ही तो घेत नाही, आणि तिला 'फॉरमॅट सपोर्टेड नाही' हे समजावून सांगण्यापेक्षा जास्तीचे काही एमबी परवडले. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल चार जीबीच्या वर जाऊ शकत नाही, ती अडचण एका लग्नाला आली. मध्यंतर करून दोन भाग केले.

राहिलं ते नाटक. अंधारा रंगमंच, एकच स्पॉट, मागे काळोखात विरत जाणारा निळा उजेड. यात अक्षता नाहीत, हालचाल नाही, एन्कोडरला सोपं वाटतं आणि तो बिट वाचवतो. मग तो निळा उजेड विरत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो, पट्ट्या पडतात. अंधाऱ्या भागाला जास्त बिट द्यायला सांगणारी एक सोय एक्स२६४ मध्ये, म्हणजे हँडब्रेकच्या आतल्या एच.२६४ एन्कोडरमध्ये, आहे, ती लावून आणि आरएफ १६ पर्यंत खाली येऊन पट्ट्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. दहा-बिटमध्ये, म्हणजे छटांच्या जास्त बारीक पायऱ्या ठेवून, काढलं तर संगणकावर सुरेख दिसतं, टीव्ही मात्र दहा-बिट एच.२६४ ला हातच लावत नाही. एवढं करून फाइल मुळाएवढीच होत असेल तर दाबायचं कशाला? त्या नाटकाचं एमपेग-२ जसंच्या तसं एका फाइलीत गुंडाळून पेनड्राइव्हवर टाकलंय. ते टीव्हीवर चालतं.